दर्याकाठची वारी

मावळच्या माणसाला पाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. आमच्या कामशेत गावाजवळून इंद्रायणी वाहते. लोणावळ्याच्या डोंगरांत उगम पावलेली ही नदी भाताच्या खाचरांना कवेत घेत देहू आणि आळंदी या क्षेत्रांकडे जाते आणि तुळापूरला भीमेस मिळते. मौज अशी, की पश्चिमेचा समुद्र कामशेतपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही दूर नाही. परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. म्हणून आमची नदी त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते, भीमेतून कृष्णेत शिरते आणि सारा दख्खन ओलांडून पूर्वेच्या समुद्राला जाऊन मिळते. नदीप्रमाणेच आमच्या गावच्या वारकऱ्यांची पावलेही पिढ्यान् पिढ्या पूर्वेकडेच वळत आली. पंढरीची वाट आम्हांला तोंडपाठ. समुद्राची वाट मात्र कोणी चालले नव्हते.

समुद्राची माणसे तेवढी आमच्याकडे येत. कामशेतच्या अलीकडे कार्ल्याचा डोंगर आहे. तेथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेले भव्य चैत्यगृह आहे आणि त्याच्या दाराशी एकवीरा आईचे देऊळ आहे. प्राचीन काळी कोकणातील बंदरांतून माल घेऊन बोरघाट चढणारे व्यापारी याच वाटेने जात. चैत्यगृहातील काही खांबांवर सोपारा बंदराच्या दात्याचे नावही कोरलेले आढळते. आज त्या वाटेने चैत्र महिन्यात कोळी आणि आगरी भाविक पालख्या घेऊन येतात. कित्येक जण थेट समुद्रकाठापासून पायी घाट चढतात. त्यांच्या ढोलताशांचा आवाज आणि गुलालाचा रंग यांनी तो डोंगर दोन-चार दिवस भरून जातो.

माझी आजी दरवर्षी या यात्रेत डोंगराच्या पायथ्याशी पाणपोईवर बसे. मातीच्या रांजणातील थंड पाणी ती येणाऱ्याजाणाऱ्याला देई. समुद्राकडून आलेली एक वृद्ध कोळीण अशीच तिच्या ओळखीची झाली. प्रत्येक चैत्रात ती पाणी पिऊन झाल्यावर घटकाभर आजीजवळ टेके आणि जाताना म्हणे, "बाय, आमी येतो तुमचे डोंगराला. तू कवा येशील आमचे दर्याला?" आजी हसून म्हणे, "येईन हो, पांडुरंगाने नेले तर येईन." अशी कित्येक वर्षे गेली. एका चैत्रात मात्र ती कोळीण आली नाही. तिच्या गावच्या बायांनी सांगितले, की तिचे गुडघे आता घाट चढू देत नाहीत. त्या दिवशी आजी घरी आली ती गप्पच होती. रात्री जेवताना ती एवढेच म्हणाली, "आता जायची पाळी माझी आहे."

आजीचे वय तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. तिने आठ वेळा पंढरीची वारी केली होती, पण समुद्र एकदाही पाहिला नव्हता. तिच्या मनात हरिहरेश्वर होते. सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे चार टेकड्यांच्या कुशीत हे क्षेत्र वसले आहे. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. पेशव्यांचे ते कुलदैवत. हरी आणि हर, म्हणजे विष्णू आणि शिव, या दोघांचे नाव एकाच क्षेत्राने धारण करावे, याचे आजीला फार अप्रूप वाटे.

धाकटे काका व्यवहारी. ते म्हणाले, "आई, त्यात काय एवढे? पहाटे गाडीत बसू, दुपारी दर्शन घेऊ आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊ."

आजी म्हणाली, "गाडीने पाहणे होईल रे, जाणे होणार नाही. त्या बाया समुद्रापासून पायी माझ्या दारात आल्या. मी त्यांच्या दारात गाडीतून उतरू?"

यावर काकांना काही बोलता आले नाही. मग आम्ही सारे नकाशा घेऊन बसलो.

अलिबागपासून हरिहरेश्वरापर्यंत समुद्राच्या कडेने जाणारी वाट शंभर किलोमीटरांच्या आसपास भरते. एखाद्या धाग्यात मणी ओवावेत, तशी या वाटेवर गावे आणि देवस्थाने ओवलेली आहेत. अलिबाग सोडले की आक्षी आणि नागाव. पुढे नारळी-पोफळीच्या सावलीतले चौल आणि त्याला लागून रेवदंडा. रेवदंड्यापाशी कुंडलिकेची खाडी आडवी येते. ती पुलावरून ओलांडली, की कोर्लईचा किल्ला, काशीदचा पांढरा किनारा, नांदगावचा सिद्धिविनायक आणि मग मुरूड. मुरूडपुढे राजपुरीची खाडी. तेथे पूल नाही. लाँचमध्ये बसून पलीकडे दिघीला उतरायचे. तेथून दिवेआगर, श्रीवर्धन आणि शेवटी हरिहरेश्वर. नकाशावर ही नावे वाचतानाच माझ्या धाकट्या चुलत बहिणीचे डोळे चमकू लागले. ती त्या वेळी सातवीत होती. तिला आम्ही सारे 'धाकटी' म्हणत असू. तिने ताबडतोब एक वही आणली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले : 'समुद्राची वारी : योजना'.

योजना हा शब्द लिहिणे सोपे. ती करणे तितके सोपे नसते. पहिला प्रश्न होता, जायचे केव्हा? कोकणात पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला असतो. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला नारळ अर्पण करतात आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. परंतु पायी जाणाऱ्याला तेवढ्याने भागत नाही. भाद्रपदापर्यंत ओढे भरलेले असतात आणि पायवाटा निसरड्या असतात. पौषानंतर ऊन चढू लागते आणि सुट्टीच्या दिवसांत किनारे माणसांनी फुलून जातात. आजीला गर्दी नको होती आणि ऊनही सोसणारे नव्हते. म्हणून हंगामाच्या अगदी आरंभी, दिवाळी होताच निघावे, असे ठरले. त्या वेळी डोंगर अजून हिरवे असतात, ओढ्यांचे पाणी निवळलेले असते आणि पहाटेच्या हवेत गारवा असतो. आरंभीच्या काळाला एक उणेही असते. पावसाळा नुकता सरलेला असल्यामुळे समुद्राचा राग पुरता उतरला आहे की नाही, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न आमच्या घरचा होता. मावळात दिवाळीचे दिवस म्हणजे भातकापणीचे दिवस. हळवे भात आधी तयार होते, गरवे मागाहून. पिकलेले भात शेतात उभे असताना घर सोडून तीर्थयात्रेला जाणे आजीला कधीच रुचले नसते. "ज्या देवाने लोंबी भरली, त्याच देवाकडे जायचे आहे. लोंबी चिखलात टाकून गेलो, तर तो काय म्हणेल?" असे ती म्हणाली. झोडणी थोडी मागे ढकलता येते, कापणी मात्र थांबत नाही. तेव्हा शेवटचा भारा घराच्या ओसरीवर आल्याशिवाय निघायचे नाही, ही वहीतील पहिली अट झाली.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि तितकाच गमतीचा होता. तो होता भरती-ओहोटीचा. समुद्रकाठाने चालणाऱ्याला घड्याळापेक्षा भरतीची वेळ अधिक सांभाळावी लागते. भरतीच्या वेळी कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालावे लागते आणि पाऊल घोट्यापर्यंत रुतते. ओहोटी लागली, की पाणी मागे सरते आणि ओल्या वाळूची घट्ट, सपाट वाट उघडी पडते. म्हाताऱ्या माणसालाही तिच्यावरून सुखाने चालता येते. ही वेळ कशी ओळखायची? आजीने उत्तर दिले. एका वर्षी पाणपोईवर आलेल्या एका तांडेलाने तिला सांगितले होते, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते.

"म्हणजे कशी?" धाकटीने विचारले.

"तुला पाऊणकी येते का?" आजीने विचारले.

धाकटीला पाढे येत होते, पाऊणकी मात्र तिने ऐकलीही नव्हती. पूर्वीच्या शाळांत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी आणि पाऊणकीही पाठ करून घेत. आजीच्या वडिलांनी तिच्याकडून ती लहानपणी घोकून घेतली होती. आजी डोळे मिटून म्हणू लागली, "एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन..." चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता! पूर्ण भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दिवसातून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी. धाकटीने वहीत पंधराही तिथींचे कोष्टक मांडले. दुसऱ्या दिवशी तिने छापील कोष्टकाशी ते ताडून पाहिले. भारतीय सर्वेक्षण विभाग आपल्या बंदरांसाठी भरतीची कोष्टके प्रसिद्ध करतो. आजीची पाऊणकी आणि त्यातील मुंबईची वेळ यांत अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक फरक निघाला नाही. शाळेचे तोंड न पाहिलेल्या तांडेलांच्या कित्येक पिढ्यांनी आकाशाकडे आणि पाण्याकडे पाहून बांधलेले ते गणित होते.

या गणिताचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे चढते आणि उतरते. चंद्र दररोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून भरतीही दररोज जवळजवळ तेवढीच मागे पडत जाते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे. म्हणून प्रत्येक तिथीला पाऊण तास. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी; त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास त्या दोघांची ओढ काटकोनात पडते आणि पाणी बेताने चढते-उतरते. त्याला कोळी लोक भांग म्हणतात.

भरतीचे एवढे कौतुक करण्याचे खरे कारण पुढेच होते. हरिहरेश्वराला जाऊन प्रदक्षिणा केल्यावाचून यात्रा पुरी झाली असे लोक मानत नाहीत. आणि ही प्रदक्षिणा देवळाभोवतीची नाही. देवळामागच्या टेकडीच्या पायऱ्या चढायच्या, माथ्यावरून दोन कातळांच्या मधल्या अरुंद खिंडीतून खाली समुद्राच्या काठावर उतरायचे आणि लाटांनी कोरून काढलेल्या खडकाळ कट्ट्यावरून टेकडीला वळसा घालून परत देवळाशी यायचे. त्या कातळावर पाण्याने आणि वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखी जाळी कोरली आहे. ओहोटी असताना ही वाट उघडी असते. भरती असताना तीच वाट पाण्याखाली जाते आणि एकाएकी आलेली मोठी लाट माणसाला खडकावरून ओढून नेऊ शकते. असे प्रसंग तेथे घडलेले आहेत.

समुद्राची परवानगी घेऊनच जावे लागते अशी तीर्थे जगात अन्यत्रही आहेत. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे एक पवित्र बेट आहे. ओहोटीच्या वेळी यात्रेकरू उघड्या पडलेल्या वाळूतून तेथे चालत जातात. वाट चुकू नये म्हणून उंच खांब रोवलेले आहेत, आणि भरतीने गाठलेच तर चढून बसण्यासाठी खांबांवर लहान खोपटी बांधलेली आहेत. तेथेही निघण्याआधी भरतीचे कोष्टक पाहण्याचीच रीत आहे. देव वेगळे, भाषा वेगळ्या. समुद्राचा नियम मात्र एकच.

आता तिथी ठरवायची होती. काकांना त्रिपुरी पौर्णिमा हवी होती. कार्तिकातल्या त्या रात्री देवळांतून दिव्यांची आरास करतात. धाकटीने कोष्टक पाहिले आणि मान हलवली. "बाबा, पौर्णिमेला भरती दुपारी सव्वाअकरा ते बारापर्यंत. म्हणजे पुरी ओहोटी साडेपाच-सहाला. तेव्हा तर सूर्यच मावळतो. अंधारात आजीला खडकावरून कसे न्यायचे?" सातवीतल्या मुलीच्या या उत्तरापुढे काकांचा बेत मागे पडला. त्रयोदशीला मात्र भरती पावणेदहाला आणि ओहोटी चारच्या सुमारास येत होती. प्रदक्षिणा उजेडात उरकली असती. शिवाय दुसऱ्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी. त्या दिवशी हरी आणि हर यांची भेट होते असे मानतात. शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात. हरिहरेश्वरी त्याहून चांगला दिवस कोणता? चतुर्दशीची ओहोटी पावणेपाचच्या आसपास येते, तीही उजेडात. म्हणून त्रयोदशीला पोहोचायचे आणि चतुर्दशी हाताशी राखून ठेवायची, असे ठरले. तेथून मागे मोजत आम्ही निघण्याची तिथी काढली. ती कार्तिक शुद्ध तृतीया, म्हणजे भाऊबीजेचा दुसरा दिवस आली.

शेवटची अट लिहिताना मात्र घरात वाद झाला. माझे म्हणणे असे होते, की समुद्र शांत नसेल तर प्रदक्षिणा न करता परतायचे आणि हे आजच ठरवून टाकायचे. काकांना ते पटेना. "दहा दिवस चालून जायचे आणि दारातून मागे फिरायचे? मग एवढी तंगडतोड कशासाठी? तेथे गेल्यावर पाहू." मी म्हणालो, "काका, तेथे गेल्यावर नीट पाहणे होत नाही. दहा दिवसांची चाल मागे उभी असते आणि ती पुढे ढकलते. समोर लाट दिसत असूनही माणूस म्हणतो, इतके आलो आहोत, आता जाऊच. म्हणून हे आज, घरी बसून, कोरड्या जमिनीवर ठरवायला हवे."

काका आजीकडे पाहू लागले. शेवटी यात्रा तिची होती. प्रदक्षिणा राहिली, तर तिच्या वयात पुन्हा संधी येईल असे कोणीच म्हणू शकत नव्हते. आजी पुष्कळ वेळ वातीला पीळ घालीत बसली. मग म्हणाली, "लिही. समुद्र नको म्हणाला तर परत यायचे; आणि परत आल्यावर कोणी हळहळायचे नाही. पंढरीला गर्दी असली तर आम्ही कळसाला हात जोडून परततो. ते दर्शन कमी असते का?"

अशा रीतीने वहीत चार अटी उतरल्या. भात घरात आल्यावर निघायचे. आजीने सकाळी उन्हाच्या आत झेपेल तेवढेच चालायचे आणि उरलेला टप्पा गाडीने जायचे. खडकावर किंवा पाण्यात उतरण्यापूर्वी त्या गावच्या माणसाला विचारायचे. आणि समुद्र नको म्हणाला तर परतायचे. दुसरी अट आजीला मुळीच आवडली नव्हती. परंतु चौथी मान्य केल्यावर दुसरीवर भांडण्यात अर्थ नाही, असे ती स्वतःच म्हणाली.

मग तयारीला आरंभ झाला. दर रविवारी पहाटे आजी, धाकटी आणि मी चालावयास जाऊ लागलो. प्रथम नदीपर्यंत, मग बेडशाच्या लेण्यांच्या पायथ्यापर्यंत. आजीची वहाण कोठे घासते, किती चालल्यावर तिला तहान लागते, कोणत्या वेळी तिचा श्वास भरतो, हे सारे धाकटी वहीत टिपून ठेवी. गावच्या डॉक्टरांनी आजीची तपासणी केली आणि गोळ्यांची पुडी बांधून दिली. मुक्कामांच्या गावी आम्ही आधी विचारणा केली. ओझ्यासाठी काकांनी नियम घातला, की ज्याचे त्याने उचलावे. त्याबरोबर निम्मे सामान आपोआप कमी झाले. उरले ते एवढेच : दोन कपडे, एक पांघरूण, विजेरी, पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखर, दिवाळीच्या फराळाचा डबा आणि पंचांग. आजीने स्वतःच्या गाठोड्यात मात्र दोन पायली इंद्रायणी तांदूळ बांधला. तो त्या कोळिणीसाठी होता.

इतके सगळे जुळून आले आणि आश्विनात परतीच्या पावसाने गाठले. तीन दिवस तो कोसळला. पिकलेले भात आडवे झाले, खाचरांत पुन्हा पाणी साचले आणि कापणी थांबली. धनत्रयोदशी आली तरी आमचे एक मोठे खाचर उभेच होते. धाकटीने वहीतल्या पहिल्या अटीकडे पाहिले आणि ती काही न बोलता वही मिटून बसली. आजीही काही बोलली नाही. ती विळ्याला धार लावीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची दहा-बारा माणसे विळे घेऊन बांधावर उभी राहिली. काकांनी इर्जिक घातली होती. दिवाळीचा फराळ शेताच्या बांधावरच वाटला गेला आणि पाडव्याच्या संध्याकाळी शेवटचा भारा ओसरीवर आला. झोडणी आम्ही परत येईपर्यंत थांबणार होती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी लोणावळा, खोपोली, पेण अशा गाड्या बदलत आम्ही अलिबागला पोहोचलो. चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी होती. कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंतची वाळू उघडी पडली होती. आजी समुद्रापुढे उभी राहिली. बराच वेळ ती हालली नाही. मग वाकून तिने पाण्याला हात लावला आणि तो कपाळी टेकवला. धाकटी मात्र घड्याळाकडे पाहून ओरडली, "आजी, पाऊणकी बरोबर आली!"

वाटेतल्या साऱ्या गोष्टी सांगू लागलो तर हा पाठ संपणार नाही. आक्षीला आम्ही शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख पाहिला. मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांमध्ये त्याची गणना होते. आपली भाषा हजार वर्षांपूर्वी या समुद्राच्या वाऱ्यात बोलली जात होती, या विचाराने अंगावर काटा आला. रेवदंड्याजवळच्या एका वाडीत ती वृद्ध कोळीण भेटली. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले आणि पुष्कळ वेळ सोडले नाहीत. तांदळाचे गाठोडे उघडताच घरभर सुवास पसरला. राजपुरीच्या खाडीतून जाताना लाँचमधून जंजिऱ्याचा अजिंक्य तट दिसला. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांतून जाताना नव्या पोफळी दिसल्या. ३ जून २०२० रोजी आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाने तेथील बागा भुईसपाट केल्या होत्या. पोफळीला फळ धरायला कित्येक वर्षे लागतात. तरीही लोकांनी पडलेली झाडे उचलून त्याच मातीत रोपे लावली होती. आजी प्रत्येक रोपाकडे पाहत चालली होती. भात आडवे झालेले तिने नुकतेच पाहिले होते.

त्रयोदशीला आम्ही हरिहरेश्वरी पोहोचलो. प्रथेप्रमाणे प्रथम काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे दर्शन घेतले. चार वाजता ओहोटी होती; पाणी मागे सरलेही होते. परंतु दूर कोठेतरी समुद्रात वारे असावे. लाटा कट्ट्यावर फुटून उंच उडत होत्या. देवळाजवळच्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले. ते म्हणाले, "आज उतरू नका." काकांनी एकदा लाटांकडे आणि एकदा आजीकडे पाहिले आणि धाकटीच्या हातातली वही मिटून तिच्या पिशवीत ठेवली. आम्ही परत फिरलो. कोणीही हळहळले नाही, असे मी म्हणणार नाही. पण कोणी तसे बोलून दाखवले नाही.

चतुर्दशीला दुपारी समुद्र निवळला. त्याच गृहस्थांनी आम्हांला जाण्यास सांगितले आणि गावातला एक तरुण सोबत दिला. आम्ही टेकडी चढून खिंडीच्या तोंडाशी आलो. तेथून खाली उतरणाऱ्या उंच, अरुंद पायऱ्या पाहून आजी थांबली आणि तेथल्या एका दगडावर बसली. "माझी प्रदक्षिणा इथवर. तुम्ही जा. मी वरून पाहते," ती म्हणाली. काकांनी तिला हात देऊ केला, पण तिने मान हलवली. आम्ही खाली उतरलो, कोरीव कातळावरून सावकाश चाललो आणि वळसा घेताना वर पाहिले. टेकडीच्या माथ्यावर तिचे हिरवे लुगडे दिसत होते. तिने दोन्ही हात जोडले होते. आम्हांला की समुद्राला, हे खालून कळत नव्हते.

घरी परतल्यावर झोडणी झाली, भात कणगीत गेले आणि दिवस नेहमीसारखे सुरू झाले. एक सवय मात्र लागली ती लागलीच. कामशेतला समुद्र नाही, तरीही रोज सकाळी शाळेला निघताना धाकटी दाराजवळच्या पंचांगात तिथी पाहते, मनातल्या मनात पाऊणकी म्हणते आणि मोठ्याने सांगते, "आजी, आज तुझ्या मैत्रिणीच्या दारात साडेसातला भरती!" आजी तांदूळ निवडता निवडता मान हलवते आणि म्हणते, "म्हणजे ती आता होड्या परत यायची वाट पाहत बसली असेल."